पंपच गेलाय!

ऊसतोड यंत्र रस्त्याकडेला कधी बंद पडत नाही. ते फडाच्या मधोमध बंद पडतं. तिन्ही बाजूंना ऊस उभा, चौथ्या बाजूला कुणाच्या तरी पाटाचं फुटलेलं पाणी, आणि मोबाइलला रेंज हवी असेल तर ऑपरेटरनं केबिनच्या टपावर चढायचं. वेळसुद्धा ठरलेली. तोडीसाठी कारखान्याच्या गट ऑफिसात चकरा मारून चपला झिजवलेल्या शेतकऱ्याचा अर्धा प्लॉट तुटला, की यंत्र म्हणतं, आता बास.

मग उरलेल्या उसाचं काय, हा प्रश्न निघतो. मजुरांची टोळी म्हणते, मशिननं धरलेला फड आम्ही नाही धरत. मशिनमालक म्हणतो, तासाभरात चालू होतंय. हे तो दर तासाला म्हणतो. कारखान्याचा चिटबॉय वही बगलेत मारून बांधावर उभा असतो. आज किती टन लिहायचे एवढंच त्याला हवं असतं, आणि ते कुणीच सांगत नाही.

यंत्राची किंमत कोटीच्या घरात. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड यंत्रासाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, जे कमी असेल ते, असं अनुदान काढलं तेव्हा अर्जांची झुंबड उडाली. टोळ्या मिळेनात, मुकादम उचल घेऊन गायब होतात, यंत्र काही उचल मागत नाही, असा सगळ्यांचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. यंत्र उचल मागत नाही. ते पंप मागतं, आणि पंपाला अनुदान नाही.

यंत्राचीही एक बाजू आहे म्हणा. ही जात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये वाढलेली. तिथं १९७० चं दशक संपेपर्यंत जवळजवळ सगळा ऊस यंत्रानंच तुटायला लागला होता. तिकडच्या सऱ्या लांबच लांब, वळायला ऐसपैस मोकळी जागा. आपल्याकडं तीन पिढ्यांच्या वाटण्यांतून उरलेला वीस गुंठ्यांचा तुकडा, मध्ये बांध, बांधावर आंबा, आंब्याखाली म्हसोबा, आणि म्हसोबाच्या अलीकडं सहा फूट सोडा हे सांगायला जातीनं उभे असलेले शेतमालक आबा. दर दोन मिनिटांनी यंत्र थांबवा, मागं घ्या, वळवा, पुन्हा पुढं. क्वीन्सलँडच्या पंपाला आठवड्यात जेवढं पुढं-मागं करावं लागत नसेल, तेवढं आपल्याकडच्या पंपाला सकाळच्या चहाआधी करावं लागतं.

हा पंप म्हणजे हायड्रोस्टॅटिक पंप. यंत्राला क्लच नाही, गिअर टाकायचे नाहीत. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल दाबतो, ते तेल चाकांच्या मोटरी फिरवतं आणि थेट पंपातच परत येतं. पंपात साधारण नऊ पिस्टन गोलाकार मांडलेले असतात आणि त्यांच्या टोकाशी एक तिरकी होणारी तबकडी. तबकडी सरळ असली की यंत्र उभं. ती एकीकडं कलली की पुढं, दुसरीकडं कलली की मागं. लिव्हर ढकलली म्हणजे ऑपरेटर खरं तर ही तबकडी कलवत असतो. तेल बाहेर कुठं जात नाही, आतल्या आत त्याची भिशी चालू असते. झिरपून जाईल तेवढं भरून काढायला एक छोटा चार्ज पंप शेजारी बसवलेला. गळती भरीपेक्षा जास्त झाली की भिशी बुडते, आणि यंत्र म्हसोबापुढं उभं राहतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हीच युक्ती अमेरिकी युद्धनौकांवरच्या तोफा हलवायला वापरली गेली. मी हे मोठ्या उत्साहानं आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तोफंचा पंप असून माझा ऊस तुटंना व्हय?”

तक्रार नेहमीची असते. ऑपरेटर सांगतो, “गार हाय तवर पळतंय, गरम झालं की बसतंय.” सकाळी यंत्र तोऱ्यात. तेल तापलं की चिखलातून निघेना. दुपारी लिव्हर पार पुढं ढकलली तरी इंजिन नुसतं बोंबलतंय आणि चाक जागचं हलत नाही. तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून पळ काढतं, त्यामुळं पंप झिजल्याची ही खूण खरीच आहे. पण चाकाची मोटर झिजली तरी हेच होतं. चार्ज पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यानं उघडा अडकला तरी साधारण हेच होतं, आणि तो व्हॉल्व्ह बोटभर लांबीचा, साफ करून परत बसवता येतो. यातलं नक्की कोण, हे ठरवायला चार्जचं प्रेशर बघायचं आणि पंपाच्या केसमधून, म्हणजे कवचातून, किती तेल गळतंय ते मोजायचं. एक गेज, एक बादली, थोडा वेळ. गेज मात्र कायम दुसऱ्या साइटवर असतं. बादली असते, पण ती कुणीतरी जनावरांना पाणी पाजायला नेलेली असते.

त्यामुळं निकाल तोंडी लागतो. आधी ट्रॉलीचा ट्रॅक्टरवाला येतो, मग शेजारच्या रानात पाणी पाजणारा, मग मोटारसायकलवरून सहज चाललेले दोघं. त्यातल्या एकाचा मेव्हणा पुण्याला कंपनीत असतो. तो कुठल्या कंपनीत असतो याला महत्त्व नाही, तो कंपनीत असतो. मोटारसायकलवरचा हा गृहस्थ यंत्राभोवती एक फेरी मारतो, टायरला एक लाथ घालतो आणि सांगतो, “पंपच गेलाय!”

आणि सगळ्यांना ते पटतं. यामागं तांत्रिक कारण नाही. यंत्रातली सगळ्यात महाग वस्तू पंप आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि एवढ्या मोठ्या यंत्राचं स्वस्तातलं काही बिघडलंय यावर आपला विश्वास बसत नाही. मालक तर आधीच कपाळाला हात लावून बसलेला असतो. त्याला दोनशे रुपयांत सुटलं असं सांगितलं तर तो मिस्त्रीवर संशय घेईल. माझं स्वतःचं मत असं, की गेज लावल्याशिवाय पंपाच्या बोल्टला पाना लावू नये. फडात या मताला किंमत नाही, कारण मी कंपनीत नाही.

मिस्त्री येतो तो तिन्हीसांजेला. मोटारसायकलच्या टाकीवर पान्यांची पिशवी, मागं पोरगं, पोराच्या मांडीवर चेन ब्लॉक. आल्याबरोबर तो कुणाशी बोलत नाही. इंजिन चालू करायला लावतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो. सगळा फड श्वास रोखून उभा. मग डोळे उघडून म्हणतो, “चहा सांगा.”

पंप उतरवण्याआधी तो आणि त्याच्या भोवतालचा सगळा भाग धुऊन काढावा, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तक बरोबर आहे. पंपातल्या पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. नुसत्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचं दिसणं अवघड, आणि पंपाचा जीव घ्यायला १०-१५ मायक्रॉनचा कणही पुरतो. म्हणजे मिस्त्री कापड फिरवून ‘चकाचक’ म्हणतो, तेव्हा तिथं आणखी दोन पंप मारण्याइतका ऐवज शिल्लक असतो.

इथं तर धूळच नव्हे, सगळा हंगाम पंपावर जमलेला असतो. पाचट, माती, गळलेलं तेल आणि उसाचा रस यांचं मिळून एक लिंपण तयार होतं. ते खरवडायला पोराला खुरपं द्यावं लागतं. खुरप्यानं वरचा थर निघाला की आत गेल्या वर्षीच्या हंगामाचा थर. त्याखाली पंपाचा नंबर असलेली पट्टी, जी कंपनीला फोनवर वाचून दाखवायची असते, आणि तिचे नेमके शेवटचे चार आकडे खुरप्यानं गेलेले. मग धुवायला पाणी. विहिरीवर मोटर आहे, पण शेतीची लाइट रात्री बाराला येणार. तोवर कुणीतरी औषध मारायचा एचटीपी पंप आणतो. त्याच्या टाकीत तणनाशक शिल्लक असतं. आबा ओरडतात, “खोडवा ठेवायचाय मला, जाळतोस का काय?” एवढ्यात पंप अर्धा धुऊन झालेला असतो. राहिलेला अर्धा डिझेलनं.

यानंतरचा भाग थोडा गंभीर आहे आणि तो मी घाईत सांगणार नाही. इंजिन बंद केलं म्हणजे दाब गेला असं नसतं. चालू यंत्रात पंपाच्या पाइपांतला दाब ४०० बारच्या आसपास जाऊ शकतो. मोटारसायकलच्या टायरात साधारण दोन बार असतो. वर उचललेला भाग खाली टेकवायचा नाहीतर त्याला पक्का आधार द्यायचा, चाकांना अटकाव लावायचा, लिव्हरी हलवून उरलासुरला दाब सोडायचा, तेल निवू द्यायचं, मगच नट सैल करायचा. आणि पाइप कुठं गळतोय हे बोट फिरवून कधी बघायचं नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची चिळकांडी कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि माणूस हळद लावून घरी जातो. हे हळदीचं काम नाही, त्याच दिवशी शस्त्रक्रियेचं आहे, उशीर झाला तर बोट जातं, हातही. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. फडात पुठ्ठा मिळतो, बिस्किटाच्या खोक्याचा. बोट दुसरं मिळत नाही.

आता बोल्ट. पहिला बोल्ट समोर असतो, तो पोरगं सोडतं. दुसऱ्याला मिस्त्री हात लावतो, थोडा कुरकुरतो, सुटतो. वरच्या बाजूचा तिसरा पाइपांच्या मागं असतो, पण मिळतो. चौथा बोल्ट नाही. म्हणजे आहे, पण तो फक्त बोटांना कळतो. त्याच्या आणि चेसिसच्या पट्टीच्या मध्ये जेमतेम पाना घालायला जागा, फिरवायला नाही. हा भाग ज्यानं आखला, त्यानं तो कॉम्प्युटरवर आखला, आणि कॉम्प्युटरवर माणसाचा हात लोखंडातून आरपार जातो. मिस्त्री यावेळी त्या अनोळखी इंजिनिअरच्या कुटुंबाची सविस्तर चौकशी करतो. ती इथं देता येत नाही.

त्यात आकड्यांची भानगड. जोडणीतले काही नट-बोल्ट इंची मापाचे, पिशवीतले पाने मिलिमीटरचे. नऊ सोळांशाच्या बोल्टचं डोकं भरतं १४.२९ मिलिमीटर. चौदाचा पाना जात नाही, पंधराचा बसतो आणि गरगर फिरतो. मग पंधराच्या पान्यात हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा सरकवायचा. तो पडला की पोरानं मोबाइलचा उजेड मारून चिखलात शोधायचा. बारा कोनांचा रिंग पाना असला तरी प्रत्येक झटक्याला ३० अंश मिळणार, म्हणजे एका फेऱ्याला बारा झटके. बोल्टचे वीस आटे आत असले तर २४० झटके. पडल्या पडल्या, एका हातानं, मानेवर तेल ठिबकत असताना. आणि हे सगळं बोल्ट आधी हलला तर. न हलला तर छन्नी, छन्नीनं नाही भागलं तर डोक्यावर नट वेल्ड करणं, आणि वेल्डिंग म्हटलं की आजूबाजूच्या वाळलेल्या पाचटाकडं बघून आबा पाण्याची घागर घेऊन येऊन उभे राहतात. यात मात्र आबांचं शंभर टक्के बरोबर असतं.

बोल्ट सुटतो आहे तोवर पाइप. प्रत्येक पाइप काढण्याआधी खूण करायची, दोन्ही टोकांना. मिस्त्री म्हणतो, “माझ्या ध्यानात हाय.” पोरगं मोबाइलवर फोटो काढतं. नंतर बघितल्यावर कळतं, की त्यात पाइप थोडा आणि बघ्यांपैकी चौघं स्पष्ट आलेत, एकानं तर हात उंचावलाय. आणि उघडी पडलेली तोंडं लगेच बंद करायची, प्लास्टिकच्या टोपणांनी. टोपणं यंत्राबरोबर आली होती. मालकाच्या घरी पोरं त्यांच्यात भातुकली खेळतात. मग प्रत्येकजण आपापली अक्कल चालवतो. कुणी पानपट्टीची पिशवी रबरानं बांधतो, कुणी कापसाचा बोळा कोंबतो. बोळ्याचे तंतू आत राहतात, पण ते नंतर. सगळ्यात बेरकी ट्रॅक्टरवाला. तो उभ्या उसातलं एक कांडं मोडतो, दातानं सोलतो, भोकाच्या मापाचं करतो आणि हातोडीनं ठोकून बसवतो. गच्च बसतं, तक्रारीला जागा नाही. पंपात साखर जाते एवढंच. जगात हायड्रॉलिक तेलात काय काय मिसळलं गेलंय याची यादी कुणी केली, तर आपल्या जिल्ह्यांचा त्यात वेगळा रकाना पाडावा लागेल.

पंप अंगानं मोठा नाही, पण जोडपंप असला तर पन्नास-साठ किलो सहज भरतो, आणि धरायला त्याला कुठं मूठ नाही. चेन ब्लॉकला लटकवायला वर काहीतरी हवं, म्हणून बांबूंचं तिकाटणं. बांबू चिखलात रुततात. मग कुणाचा तरी पिवळा जेसीबी येतो, त्याच्या बकेटला साखळी बांधतात, आणि हा हा म्हणता बघ्यांची संख्या दुप्पट होते. जेसीबी काहीतरी करतोय म्हटल्यावर आपण घरी थांबू शकत नाही. सगळे बोल्ट निघाले तरी पंप हलत नाही. त्याच्या शाफ्टचे दाते कपलिंगात धरून बसलेले असतात. पहार लावतात. “अजून एक बोल्ट राहिलाय,” असं मागून कुणीतरी म्हणतं. मिस्त्री त्याच्याकडं बघतो. मग बोटांनी चाचपतो. अजून एक बोल्ट राहिलेला असतो.

शेवटी पंप बाहेर येतो तो एकदम. केसमधलं तेल सांडतं आणि बॅटरीच्या उजेडात त्यात बारीक सोनेरी चमक दिसते. लोक पुढं वाकतात. “सोनं हाय व्हय?” सोनं नव्हे, ती पिस्टनच्या टोकाच्या चपट्या बुटांची झिजलेली ब्राँझ. मालकाच्या दृष्टीनं दर मात्र तोच. तरी एका गोष्टीचं मला बरं वाटतं. ‘पंपच गेलाय’ म्हणणारा बरोबर निघाला. टायरला लाथ घालून निदान करणं इतकं वाईटही नाही, असं गर्दीत बोललं जातं, आणि पुढच्या यंत्राचं निदानही असंच होणार हे तिथल्या तिथं ठरतं.

यानंतर पंपाला एक फार मोठा धोका असतो, आणि तो मिस्त्रीकडून. “नुसतं झाकण काढून बघू.” रानात, वाऱ्यावर, खताच्या रिकाम्या पोत्यावर. मी हात जोडून सांगतो, बघू नका. पोतं युरियाचं असेल तर अजिबातच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ही कामं करणारी अनुभवी माणसं आहेत. त्यांच्या टेबलावर पंप ठेवला, की त्यांचा पहिला प्रश्न बिघाडाचा नसतो. “कुणी खोललाय का?” मालक म्हणतो, “छे छे!” समोरचा माणूस झाकणाच्या स्क्रूवरचे ताजे ओरखडे बघतो, आत चिकटलेला युरियाचा पांढरा दाणा नखानं उचलतो आणि काही न बोलता दोन दिवस वाढवून सांगतो.

आम्ही निघताना तो आणखी एक गोष्ट सांगतो, जी कुणी ऐकत नाही. पंपातून निघालेली ब्राँझ त्याच बंद फेऱ्यातून मोटरींत गेलेली असणार, पाइपांत, कूलरमध्ये, टाकीतही. सगळं धुवा, फिल्टर बदला, तेल नवं टाका, नाहीतर दुरुस्त पंप आपलाच जुना कचरा खाऊन मरेल. मालक बाहेर आल्यावर मला म्हणतो, “धंदा करायलाय तो. तेल बघितलं न्हवं तुम्ही, पिवळंधमक हाय.” टाकीत शेकडो लिटर तेल, त्याचा भाव, आणि हंगाम चालू. त्याची अडचण मला कळते. म्हणून ते तेल जुन्या साडीतून गाळून बॅरलमध्ये ठेवलं जातं. साडीची वीण किती मायक्रॉनची हे कुणी मोजलेलं नाही, पण पंधराची नक्की नाही.

दुरुस्त होऊन आलेला पंप परत बसतो, सगळे पाइप लागतात, चौथा बोल्ट एक फेरा कमी आवळला जातो कारण सगळ्यांना आता घरी जायचंय. ऑपरेटर लिव्हर पुढं ढकलतो आणि यंत्र दिमाखात मागं येतं. मागं उभा असलेला चिटबॉय वही टाकून पळतो. मुख्य दोन पाइपांची अदलाबदल झालेली. मिस्त्रीच्या ध्यानात होतं, फक्त उलटं होतं. पुन्हा सगळं सोडायचं म्हणजे आणखी अर्धी रात्र, हे कळल्यावर ऑपरेटर खाली वाकून समजूतदारपणे म्हणतो, “ऱ्हाऊ द्या मालक, मी उलटं ध्यानात ठेवतो.” आणि मालक, देवाशपथ, विचार करायला लागतो.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एवढं करा. गेज मागून आणा, उसाचं कांडं खा, भोकात घालू नका, आणि साडीतून गाळलेलं ते तेल यंत्रात परत ओतू नका. पंप बसल्यावर त्याची केस वरच्या भोकातून स्वच्छ तेलानं काठोकाठ भरा, मगच इंजिन चालू करा. कोरडा फिरवलेला दुरुस्त पंप काही क्षणांत पुन्हा कोल्हापूरला जायच्या लायकीचा होतो, आणि तेव्हा तो चौथा बोल्ट सोडायला मिस्त्री येणार नाही.